ओल दाण्यातून जावी, रानात राहावी

पाऊस केरळात कधी पोचला, कोकणात कधी उतरला, याच्या बातम्या जूनमध्ये रोज येतात. तो परत कधी जाणार याची चौकशी आमच्या लातूर-धाराशिवच्या काळ्या रानांत त्याहून जास्त होते. सोयाबीनचं नशीब पेरणीला निम्मंच ठरतं. उरलेलं निम्मं हस्तापासून स्वातीपर्यंतच्या जेमतेम सहा आठवड्यांत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रानात ज्वारी, मूग, उडीद, करडई असं सगळं असायचं. बघता बघता सोयाबीननं शिवार व्यापलं. तेव्हापासून दर आश्विनात जे कळत गेलं ते इथं आकडे टाकून मांडते आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही. रानातली कामंही क्रमानं येत नाहीत.

१. परतीचा पाऊस हा उरलासुरला पाऊस नव्हे.

हवामान खात्यानं २०२० साली मोसमी पावसाच्या तारखा नव्यानं ठरवल्या. पश्चिम राजस्थानातून तो माघारी फिरायची तारीख आधी १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. सगळ्या देशातून निघून जायची तारीख १५ ऑक्टोबर धरतात. आता सोयाबीनचा हिशोब करा. जेएस-३३५ हा आमच्याकडचा जुना, घरोघरी पेरलेला वाण पंच्याण्णव ते शंभर दिवसांचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं की ते सप्टेंबरच्या अखेरीस काढणीला येतं. म्हणजे पीक पिकायचा आणि पाऊस परतायचा मुहूर्त एकच.

हा पाऊस जुलैच्या पावसासारखा वागत नाही. जुलैत दिवसभर रिपरिप असते आणि कधी थांबेल याचा थोडा अंदाज येतो. ऑक्टोबरात सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी अंग भाजणारं ऊन, जमिनीत ओल मुरलेली. तापलेल्या रानातून वाफ वर चढते आणि चार वाजता पूर्वेकडून काळंभोर आभाळ येतं. एका शिवारात गुडघाभर पाणी, शेजारच्या गावात धूळ उडते. त्यात बंगालच्या उपसागरातून एखादा कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून आमच्याकडे सरकला की मग बघायलाच नको. ऑक्टोबर २०२० मध्ये तसं झालं. सोलापूर, धाराशिव, लातूर भागात कापून रचलेल्या सोयाबीनच्या बनिमी पाण्यावर तरंगत गेल्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाचं उरलेलं पाणी मराठवाड्यावर ओतलं गेलं. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ अशी अरबी समुद्रातली दोन वादळं एकामागून एक आली आणि पाऊस दिवाळी ओलांडून नोव्हेंबरात शिरला. त्यामुळे ‘दसरा झाला, आता काही येत नाही’ असं म्हणणं मी सोडून दिलं आहे.

२. पीक झालं की नाही, हे शेंग सांगते.

पानं गळाली म्हणजे पीक झालं असं नाही. धुऱ्यावरचं झाड आणि मधलं झाड एकदम पिकत नाही, म्हणून मी रानाच्या मध्यात जाते. झाड मुळाशी धरून कानाजवळ हलवायचं. दाणे शेंगेत सुटे झाले असतील तर बारीक खुळखुळ ऐकू येते. मग एक शेंग सोलायची. दाणा हिरवट, नखानं दाबला तर दबतो, म्हणजे चार दिवस आहेत. दाताखाली धरला आणि कट्कन तुटला, तर उद्याच मजूर लावायचे. शंभरातल्या पंच्याण्णव शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की काढणी करावी, असं कृषी विद्यापीठं सांगतात. आमच्या टोळीच्या मावशी त्यालाच म्हणतात, “बाई, शेंग बोलायली, आता थांबू नगा.”

थांबलं तर काय होतं ते भर दुपारी रानात उभं राहून ऐकावं. ऑक्टोबरच्या उन्हात वाळलेली शेंग तडकते, दाणा दोन हात लांब उडतो. रात्री पाऊस, दुपारी कडक ऊन असं दोन-तीनदा झालं की शेंगा आपोआप उकलतात. म्हणून आमच्याकडे कापणी पहाटेपासून सुरू होते. दहिवरानं शेंग नरम असते, विळा लागला तरी फुटत नाही. अकरा वाजले की बायका हात थांबवतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्या मालकानं एकदा त्यांच्या मागून सांडलेले दाणे वेचून पाहावेत.

३. सगळं रान एका वाणाचं करू नये.

सगळं एकदम पेरलं की सगळं एकदम काढणीला येतं, आणि एका पावसात सगळंच सापडतं. फुले संगम जेएस-३३५ पेक्षा आठवडा-दहा दिवस उशिरा येतो. दोन्ही वाण थोडे थोडे ठेवले की एक पावसात अडकला तरी दुसरा अजून हिरवा असतो. हिरव्या शेंगेला पाऊस सोसतो, वाळलेल्या शेंगेला सोसत नाही. आणखी एक फायदा म्हणजे मजुरांसाठी एकाच दिवशी धावाधाव होत नाही.

४. मजूर हाही हवामानाचाच भाग आहे.

पावसानं आठ दिवस उघडीप दिली नाही की सगळ्या गावाची काढणी एकाच दिवशी निघते आणि गुत्त्याचा भाव रात्रीत चढतो. त्यातच दसरा-दिवाळीच्या सुमारास शेजारच्या बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. भाव ठरवायचा तो पेरणी संपल्यावर, पोळ्याच्या आत. आणि ठरलेला भाव बाजार पडला तरी द्यायचा, नाही तर पुढच्या वर्षी टोळी तुमच्या बांधावरून सरळ पुढे जाते.

५. जेवढं झाकता येईल तेवढंच कापावं.

दरवर्षी याच मुद्द्यावर घराघरांत भांडण होतं. तीन दिवसांनी पाऊस सांगितला आहे आणि पीक झालेलं आहे. कापायचं की उभं ठेवायचं? पुरुषांचा कल बहुधा ‘कापून मोकळं व्हा’ असा असतो. माझं मत वेगळं आहे. उभ्या झाडावर पाऊस पडला तर पाणी निथळतं, मधून वारा फिरतो, ऊन पडलं की दोन दिवसांत शेंग पुन्हा वाळते. थोडे डाग पडतील, थोडं वजन जाईल. तेच कापून सरीवर पसरलेलं असेल तर खालची शेंग ओल्या मातीला चिकटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उचलून पाहिलं की शेंगेच्या शिवणीतून पांढरा कोंब बाहेर आलेला असतो. त्या दाण्याचं पुढं काहीच होत नाही. तो बाजारात चालत नाही, बियाण्याला तर नाहीच.

म्हणून आमच्याकडे नियम असा : सकाळी ताडपत्र्या मोजायच्या आणि तेवढ्याच पट्ट्या कापायच्या. ज्या दिवशी कापलं त्या दिवशी दिवेलागणीच्या आत उचलून उंचवट्यावर रचायचं. अंदाजासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्ला आणि मोबाइलवरचं ‘मेघदूत’ ॲप मी बघते. जिल्ह्याचा अंदाज म्हणजे माझ्या शिवाराचा नव्हे, हे मनात धरून बघते. पण तीन जिल्ह्यांना एकदम पिवळा इशारा दिला असेल तर त्या दिवशी विळे घरातच राहतात.

६. बनिमीत हात घालून बघावा.

रचलेली बनीम वरून वाळकी दिसते. कोपरापर्यंत हात आत घाला. आत गरम लागलं, आंबूस वास आला, तर ती तापायला लागली आहे. पाऊस असो नसो, ती फोडून पसरली पाहिजे. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली तर वाफ आतच कोंडते. खालून वीतभर मोकळं सोडावं, आणि पाणी खाली शिरू नये म्हणून भोवती चर काढावा. बनिमीखाली तुराट्या किंवा पळाट्या टाकल्या तर खालचा थर वाचतो. आमच्या सासूबाई ज्वारीच्या कणसांच्या ढिगातही असाच हात घालायच्या, काही न बोलता फक्त मान हलवायच्या, आणि मग सगळं घर कामाला लागायचं.

७. ओलं धान्य बाजारात नेणं म्हणजे पाणी विकायला नेणं, आणि पाण्याला भाव नसतो.

हमीभावानं खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तीही नोव्हेंबरात, अनेकांचा माल विकून झाल्यावर. तेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ५,३२८ झाला. आडतीवर मॉइश्चर मीटर लावतात आणि आकडा वाचून दाखवतात. तो आकडा ऐकून मान डोलावण्याआधी आपणही मूठभर दाणे घरी दोन दिवस उन्हात ठेवून पाहिलेले बरे. दाणा दाताखाली चपटा झाला तर घाई करू नये. पण पैशाची नड असते, दिवाळी तोंडावर असते, उधारीवाला दारात असतो. वाळवायला लागणारे चार दिवस प्रत्येकाच्या हातात नसतात. बाजारात ऑक्टोबरातच सगळा माल का उतरतो याचं उत्तर हवामानात कमी आणि कर्जात जास्त आहे.

८. चिखलात यंत्र घालू नये.

काळ्या मातीचं पाणी पिणंही मोठं आणि फुगणंही मोठं. ओल्या रानात हार्वेस्टर किंवा भरलेली ट्रॉली घातली की चाकोरीखालची माती इतकी घट्ट होते की पुढच्या जूनपर्यंत त्या पट्ट्यात पीक खुजंच दिसतं. वाफसा आला का, हे बघायला टाचेनं माती उकरून मूठभर घ्यायची आणि दाबायची. तळव्याला चिकटली तर थांबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबताच भुगा झाला, तर औत घाला. अडचण अशी की ऑक्टोबरच्या उन्हात हा वाफसा फार टिकत नाही. सोमवारी चिखल, गुरुवारी वाफसा आणि पुढच्या सोमवारी ढेकळं.

आणि माती राहिली तर वाफशाची गोष्ट. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना नदीकाठच्या धाराशिव-सोलापूरच्या रानांतली माती खरडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. पीक एका हंगामात परत येतं. वीतभर काळी माती नातवंडांनाही परत मिळत नाही.

९. ज्या पावसानं सोयाबीन नासतं, त्यावरच हरभरा येतो.

हे शहरातल्या पाहुण्यांना पटकन कळत नाही. ते फोनवर विचारतात, “पाऊस झाला, नुकसान झालं का?” नुकसान झालेलं असतं आणि त्याच पावसावर रब्बीही उभी राहणार असते. हस्ताचा पाऊस चांगला झाला तर मालदांडी ज्वारी विहिरीच्या पाण्याविना पोटरीत येते. कोरडवाहू ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये व्हावी. कोरडवाहू हरभराही ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडावा. पाण्याची सोय असेल तर तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. सोयाबीन निघायला उशीर झाला की हा सगळा हिशोब मागे सरकतो. म्हणून मळणी होण्याची वाट न बघता बनीम रानाच्या कडेला हलवून मोकळ्या रानात मी पेरणी सुरू करते. वरची माती सुकलेली असते, तेव्हा बी खोल, ओलीत पडलं पाहिजे. पेरल्यावर पुन्हा मोठा पाऊस झाला तर हरभऱ्याला मर लागते, त्यासाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळल्याशिवाय पेरत नाही. तुरीचं मात्र वेगळंच. ती फुलात असते आणि तिला ना पाऊस हवा ना आभाळ. दोन दिवस आभाळ राहिलं की फुलगळ आणि अळी.

१०. वीज कडाडली की विळा टाकावा.

परतीचा पाऊस विजांचा असतो. बनीम झाकायला धावणारी, झाडाखाली थांबणारी माणसं त्यात जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप टोळीतल्या एका तरी मुलीच्या मोबाइलवर असावं. ताडपत्री उडाली तर उडू द्यावी.

११. भिजलेल्या पिकाचे फोटो त्याच दिवशी काढावेत.

पीकविम्यात स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागते असा नियम आम्ही पाठ केला होता. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. तरी सरकारी पंचनाम्याला फोटो लागतोच. त्यात बांध, झाड, ओळखीची खूण दिसू द्यावी.

१२. ऑक्टोबरचा निकाल मे महिन्यात गोणपाटात लागतो.

सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. काढणीच्या वेळी भिजलेला दाणा दिसायला पिवळाधमक असला तरी उगवेलच असं नाही. २०१९ चा पाऊस खाल्लेलं बियाणं २०२० च्या जूनमध्ये राज्यभर उगवलं नाही, तक्रारींचा पाऊस पडला, दुबार पेरण्या झाल्या. म्हणून पावसात न सापडलेल्या पट्टीचं सोयाबीन मी वेगळं मळून घेते. यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत, म्हणजे दाणा फुटत नाही. पोती फरशीवर नाही, फळ्यांवर, आणि थप्पी सातांच्या वर नाही. मेमध्ये न निवडता शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट ओलं राखायचं. आठवडाभरानं उलगडायचं आणि धड कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर निघाले तर एकरी तीस किलो पेरायचं. सत्तरच्या खाली जितके कमी, तितका अर्धा-अर्धा किलो वाढवायचा. साठच्या खाली निघाले तर ती पोती दुसऱ्या दिवशी आडतीवर पाठवायची.