आधी थांबे ठरव, मग रस्ता

न्यूझीलंडला जाताय, तेही स्वतः गाडी चालवत, हे ऐकून फार आनंद झाला. तुझे काका आणि मी साउथ आयलंडवर असेच दोन आठवडे फिरलो होतो, म्हणून तुझा आराखडा दोनदा वाचला. कुठून कुठे जायचं ते सगळं त्यात आहे. थांबायचं कुठे, ते नाही. माझा पहिला कानमंत्र तोच: आधी थांबे ठरव, मग रस्ता.

क्राइस्टचर्चला उतरलात की त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नकोस. डिसेंबरात तिथे दुपारचे 12 वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात, आणि शरीर आपलंच घड्याळ धरून बसलेलं असतं. आम्ही मात्र उतरल्या उतरल्या टेकापोकडे निघालो. तीन तासांचाच तर रस्ता! तासाभरात काकांची मान कलली आणि गाडी कडेच्या खडीवर गेली. टायरच्या आवाजानं जाग आली म्हणून निभावलं. तेव्हा पहिली रात्र झोपेची. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घे.

किलोमीटर मोजू नकोस, तास मोज. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड नकाशावर बोटभर अंतर दिसतं. पण मध्ये डोंगर आहेत, त्यामुळे रस्ता वळसा घालून जवळपास 290 किलोमीटर होतो. एका बाजूला चार तास. तू हे जाऊन-येऊन एका दिवसात धरलं आहेस, ते आधी बदल. मुक्काम ‘ते आनाऊ’ गावात करा. तिथून मिलफर्ड 120 किलोमीटरच्या आसपास आहे. दोन तासांचा रस्ता, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण दर वळणावर उतरावंसं वाटतं. ते आनाऊ सोडण्याआधी टाकी पूर्ण भर. पुढे वाटेत पेट्रोल पंप नाही. हास्टच्या बाजूलाही वस्ती विरळ आहे. टाकी अर्धी झाली की भरायची, ही सवयच लावून घे.

मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीसारखा धो धो. पाऊस आहे म्हणून बेत मोडू नकोस. तेव्हाच तिथल्या कड्यांवरून असंख्य धबधबे सुटतात. फक्त रस्ता चालू आहे ना, हे सकाळी निघताना बघून घे. वाटेत होमर बोगदा लागेल, डोंगर फोडून काढलेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास, 1954 साली सुरू झालेला. त्याच्या तोंडाशी किआ नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसतात आणि दाराचं, वायपरचं रबर कुरतडतात. त्यांना काही खायला घालू नका. त्यांनाही ते बाधतं.

तिथेही गाडी डावीकडूनच चालते. सोय आहे, पण त्यामुळेच मन घरच्या रस्त्यावर असल्यासारखं वागायला लागतं. गावात 50 आणि बाहेर 100 ही मर्यादा आहे. 100 म्हणजे तेवढ्या वेगानं गेलंच पाहिजे असं नाही. वळणांवर कमीच ठेव. चौकातल्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ‘स्टॉप’ पाटी असेल तिथे रस्ता मोकळा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. तुझ्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही.

एकेरी पूल बरेच लागतील. पाटीवर दोन बाण असतात. तुझ्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर थांब, समोरच्याला येऊ दे. तुझा बाण मोठा पांढरा असला तरी पुलावर कुणी नाही ना, हे बघूनच गाडी घाल. पुढचा जाता जाता हात वर करतो, तूही कर. मागे तीन-चार गाड्या साचल्या की जागा बघून डावीकडे घे आणि त्यांना जाऊ दे. तिथे हॉर्न कुणी वाजवत नाही, म्हणून आरशाकडे आपणच लक्ष ठेवायचं.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढ, छप्पर आणि चाकंसुद्धा. विम्यात काच आणि टायर धरले आहेत का, कच्च्या रस्त्यावर तो लागू आहे का, हे सही करण्याआधी विचार. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ. मूळ लायसन्स मात्र सोबत हवंच, त्याच्याशिवाय तो परवाना चालत नाही. अडचण आली तर 111 फिरवायचा.

आईनं दिलेले लाडू, चिवडा, मसाले, जे बॅगेत असेल ते विमानतळावरच्या फॉर्मवर लिहून टाक. लिहिलं आणि चाललं नाही, तर काढून घेतील, एवढंच. लपवलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड आहे. मध नेऊच नकोस. ट्रेकिंगचे बूट मातीचा कण न ठेवता धुऊन ने.

आणि शेवटचं. डिसेंबरात तिथे रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. ‘अजून दिसतंय, अजून एक गाव करू’ असा मोह होतो. उजेड असला तरी डोळे दमलेले असतात. पाच वाजले की मुक्काम.

पुकाकी तळ्याकाठी आम्ही थर्मासमधला चहा घेऊन बसलो होतो. समोर 3,724 मीटर उंचीचा आओराकी, माउंट कुक, पूर्ण ढगात होता. त्या दिवशी पुढे कुठेच पोहोचायचं नव्हतं, म्हणून बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी ढग सरकला आणि शिखर दिसलं, फार तर पाच मिनिटं. काकांनी चहाचा पेला खाली ठेवला, तो ढग परत येईपर्यंत उचलला नाही.

तुझ्या 12 दिवसांत एकही दिवस कोरा नाही. दोन कोरे कर आणि आराखडा मला पुन्हा पाठव.