माशांचा जिवाणूजन्य रोग कसा ओळखावा?

शेततळ्यात मेलेला मासा तरंगताना दिसला की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे जाते. शेतकरी बंधूंनो, त्याआधी मेलेले मासे मोजा.

एका रात्रीत शेकडो मासे मेले, त्यांत मोठे अधिक असले, अंगावर व्रण नसला आणि उरलेले मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करीत असले, तर बहुधा पाण्यातील प्राणवायू कमी पडला आहे. तेथे औषधाचा उपयोग नाही. ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने तळ्याचेच पाणी उचलून उंचावरून पाडावे. जिवाणूजन्य रोगात बहुतेक वेळा आज दोन, उद्या पाच, परवा दहा अशी मर चढत जाते. आजारी मासे खाद्याला येत नाहीत, काठाशी सुस्त राहतात.

असा मासा ओल्या हाताने धरून पाहावा. कटला, रोहू, मृगळ यांना एरोमोनास जिवाणूची बाधा झाली की पोटात पाणी साचून ते फुगते, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात, पोटाखाली व परांच्या मुळाशी रक्ताळलेले ठिपके दिसतात. शेपटी कडेने पांढुरकी होऊन झिजत असेल तर ती कुजू लागली आहे. कल्ल्याचे झाकण जरूर उचला. निरोगी कल्ला लालभडक असतो. त्यावर पिवळसर पांढरे कुजके चट्टे असल्यास कॉलम्नॅरिस रोगाचा संशय घ्यावा. हा रोग उष्ण पाण्यात झपाट्याने पसरतो.

फसगत होते ती लाल व्रणापाशी. माशांची ऊ, म्हणजे अर्गुलस, चपटी व साधारण मसुराच्या डाळीएवढी असून नुसत्या डोळ्यांनी दिसते. ती चावते त्या जखमेत जिवाणू मागाहून शिरतात. अशा वेळी आधी उवांचा बंदोबस्त हवा. थंडीत मरळीला पडणारे खोल व्रण, जे आपल्या देशात १९८८ साली प्रथम आढळले, त्यांचे मूळ बुरशीत आहे. म्हणून डोळ्यांनी संशय घ्यावा, खात्री प्रयोगशाळेत करावी.

अनेक जण फुगलेला, वास सुटलेला मासा तपासणीला आणतात. तो व्यर्थ जातो, कारण कुजवणारे जिवाणू तोवर अंगभर पसरलेले असतात. आजारी पण जिवंत असे तीन-चार मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत आणावेत, तळ्याचे पाणी वेगळ्या बाटलीत. ते जमत नसेल तर नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवून आणावा. नागपूर, उदगीर व रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालये आहेत, जवळचे गाठावे.

अहवाल येईपर्यंत खाद्य थांबवावे, मेलेले मासे रोज काढून दूर चुना टाकून पुरावेत आणि तेच जाळे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात टाकू नये. दुकानदाराने सुचविलेले प्रतिजैविक अंदाजाने खाद्यात मिसळू नका. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना तर मत्स्यशेतीत बंदीच आहे.