चिमणीएवढे पक्षी : ओळखावे कसे, फोटो काढावा कसा

नागपूरकडून ताडोब्याला जाणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्या वरोऱ्यावरून जातात. त्या सगळ्यांना वाघ पाहायचा असतो. वाघ चांगलाच आहे, पण तो रोज दिसत नाही, आणि दिसला तर आपण पळू. चिमणीएवढे पक्षी मात्र वावरात, नाल्यावर, शाळेच्या कुंपणावर रोज असतात. त्यांना तिकीट नाही. म्हणून मी त्यांच्यावर लिहीत आहे.

आमच्या घरी एकच मोबाइल आहे, तो बाबांचा. रविवारी सकाळी तो मला एक तास मिळतो. मोबाइलात लहान पक्षी तिळाएवढा येतो. बोटांनी मोठा केला तर नुसते चौकोन चौकोन दिसतात. जवळ धावत गेले की पाखरू भुर्रकन उडून जाते. म्हणून पक्ष्याच्या मागे जाऊच नये. तो जिथे येतो तिथे आधी जाऊन गुपचूप बसावे. यासाठी वेडा राघू फार चांगला. तो तारेवरून उडतो, हवेतच माशी पकडतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागी येऊन बसतो. नाव वेडा, पण आपले काम सोपे करतो! सूर्य आपल्या पाठीमागे असावा. सूर्य समोर असला तर सगळे पक्षी कावळ्यासारखे काळे येतात.

आता ओळख. आमचे आबाजी सगळ्याच लहान पाखरांना चिमणी म्हणतात. मी विचारले तर म्हणाले, "चिमणीच व्हय ते, दुसरं काय!" पण तसे नाही. आधी आकार पाहावा. चिमणीपेक्षा लहान, चिमणीएवढा, की साळुंकीएवढा? मग चोच पाहावी. दाणे खाणाऱ्यांची चोच जाड असते, जसे चिमणी, मुनिया, सुगरण. किडे टिपणाऱ्यांची बारीक असते, जसे शिंपी आणि वटवट्या. फुलातला रस पिणाऱ्या शिंजिराची चोच लांब आणि वाकडी, कोयत्यासारखी. मग शेपटी. शिंपी शेपटी उभी धरतो. चिरकसुद्धा उभी धरतो, पण चिरक नर काळा असतो, खांद्यावर पांढरा पट्टा असतो आणि शेपटीखाली विटकरी रंग दिसतो. डोळ्याभोवती पांढरे गोल कडे असले तर तो चष्मेवाला. हा मला सर्वांत आवडतो, कारण आमचे गुरुजीसुद्धा चष्मेवाले आहेत.

रंगावर एकदम विश्वास ठेवू नये. शिंजिराचा नर उन्हात जांभळा चमकतो, पण मादी मळकट हिरवी आणि पोटाला पिवळी. दोघे वेगळ्या जातीचे वाटतात. सुगरण पक्ष्याचा नर पावसाळ्यात डोक्यावर हळद लावल्यासारखा पिवळा होतो. नंतर तो रंग जातो आणि तो चिमणीसारखाच दिसतो. ऑस्ट्रेलियात फेअरी-रेन नावाचे चिमुकले पक्षी आहेत. त्यांचेही असेच, नर विणीच्या दिवसांत निळाभोर, मादी तपकिरी. म्हणजे ही अडचण तिकडच्या मुलांनाही आहे.

ओळख चुकली तर काय मोठे होते, असे कोणी म्हणेल. त्यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. तो घुबडाच्या जातीचा, साळुंकीएवढा पक्षी आहे. १८८४ नंतर तो कोणालाच सापडला नाही. लोकांना वाटले, संपला. एका इंग्रज माणसाने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाला असे लिहून ठेवले होते. ते खोटे निघाले. तो पक्षी दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरलेला होता. मग खऱ्या जुन्या जागा शोधल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबॉट यांना तो आपल्या महाराष्ट्रातच, शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. आता तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. ११३ वर्षांनी! साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. एवढ्याच खुणेवर नजर हवी होती. त्यांनी लगेच चित्रण केले, म्हणून सगळ्यांना पटले. नाही तर कोण मानले असते?

पूर्वी पक्षी ओळखायला तो मारावा लागे. सलीम अलींनीही लहानपणी एअरगनने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथूनच पुढे मोठे पक्षीतज्ज्ञ झाले. त्यांचा वाढदिवस १२ नोव्हेंबर. आपल्या विदर्भाच्या जंगलात नोकरी करून पक्ष्यांची गावोगावची नावे गोळा करणारे मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. आता फोटो निघतो, तर गुलेर कशाला पाहिजे? काही पोट्टे अजून गुलेर घेऊन नाल्यावर जातात. नावे लिहीत नाही, त्यांना माहीत आहे.

फोटोसाठी खोप्याजवळ मात्र जाऊ नये. माणूस जवळ उभा राहिला तर मादी पिल्लांकडे येत नाही, आणि आपण कुठे पाहतो ते कावळा पाहतो. फांदी बाजूला करणे तर अगदी वाईट.

आमच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे. तिच्यावर यंदा सुगरणीचे ११ खोपे होते. त्यातले ४ अर्धेच. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडला तरच तो पुरा करतो. पोळ्याच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "ते बाभूळ पाडाव लागते, ट्रॅक्टर वळत नाही." मी म्हणालो, "त्यात पिल्लं हायेत जी." बाबा म्हणाले, "तुले कसं माहीत? खोपे रिकामे बी असतात." मग मी मोबाइल दाखवला. मी लिंबाखाली बसून दूरून व्हिडिओ घेतला होता. त्यात मादी चोचीत हिरवी अळी घेऊन खोप्याच्या नळीत शिरते आणि रिकाम्या चोचीने बाहेर येते. असे तीन वेळा. अळी स्वतःसाठी असती तर ती बाहेरच खाल्ली असती.

बाबांनी दोनदा पाहिले. म्हणाले, "मोठी झाली का दाणे खाते हे पाखरू." ते खरे आहे, मी नाही म्हटले नाही. पण पिल्लांना ती अळ्या आणि नाकतोडे भरवते, आणि अळ्या आमच्याच वावरातल्या असतात. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "दिवाळीवरी राहू दे. मंग पाहू." दिवाळीनंतर काय होईल ते अजून ठरले नाही. ट्रॅक्टर खरोखरच वळत नाही, मी पाहिले आहे. आबाजी म्हणतात, एका बाजूच्या फांद्या छाटल्या तरी भागते.

खाली चार फोटो चिकटवले आहेत. पहिला वेडा राघू, दुसरा चिरक, तिसरा बाभळीवरचे खोपे. चौथा सिंदीवर बसलेला आहे, चिमणीपेक्षा लहान, चोच बारीक, शेपटी लांब. मला तो वटवट्या वाटतो, पण वटवट्यातही राखी आणि साधा असे प्रकार आहेत. पालकांपैकी कोणाला त्याचे गावातले नाव माहीत असल्यास फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर लिहावे. पेन्सिल दोरीला बांधली आहे.