टाके बाळाला, परीक्षा कोणाची?



काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी एक तरुण जोडपे मला भेटायला आले. आईच्या कुशीत दीड महिन्याचे बाळ होते आणि त्याच्या तोंडावर दुपट्याचे टोक ओढलेले होते. "फादर, स्नानसंस्कार रविवारी नको. मधल्या वारी, कोणी नसताना उरकून घेऊ," वडील म्हणाले. मी दुपटे बाजूला केले. बाळाचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. तोंडातील टाळूही उघडी होती.

सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, पण त्या वेळी तोंडात आले ते नेहमीचे वाक्य. "देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा घेतो," मी म्हणालो. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "परीक्षा आमची ना, फादर? मग टाके त्याला का?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ते वाक्य मी त्यानंतर कोणत्याही आईला ऐकवलेले नाही. त्या बाळाच्या आईवडिलांकडून मी जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दोष कोणाचा?

असे बाळ जन्मले की घरात पहिला शोध सुरू होतो तो दोषाचा. "ग्रहणात विळी हातात घेतली असेल." "काही तरी चिरले असेल." बोट बहुतेक वेळा आईकडेच वळते. आपल्या कोकणात ही समजूत खोल रुजलेली आहे आणि आपली ख्रिस्ती घरेही तिच्यातून सुटलेली नाहीत.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. गर्भात बाळाचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. दोन्ही बाजूंच्या पेशी मध्यभागी येऊन जुळायच्या असतात. काही बाळांत त्या पूर्ण जुळत नाहीत. ओठ जुळत असतो तेव्हा पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. त्यामागे आनुवंशिकता असू शकते. गरोदरपणातील तंबाखू आणि धूम्रपान, मद्य, फिटवरची काही औषधे यांमुळे धोका वाढतो. पुष्कळदा नेमके एक कारण सापडतच नाही. ग्रहणाचा आणि विळीचा मात्र याच्याशी काहीही संबंध नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात. समोर जन्मांध माणूस आहे. पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू येशू दोघांनाही दोषी ठरवत नाही. तो खाली वाकतो, माती भिजवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. दोषाची चर्चा तिथे थांबते आणि काम सुरू होते.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञाने 'समस्या' आणि 'गूढ' यांत फरक केला. समस्या आपल्यासमोर असते, ती सोडवता येते. गूढात आपण स्वतःच गुंतलेले असतो, ते बाहेर उभे राहून सोडवता येत नाही. दुभंगलेला ओठ ही समस्या आहे आणि तिच्यावर उपाय आहे. निरपराध बाळाला दुःख का, हे गूढ आहे. माझी चूक अशी झाली की आईने गूढाबद्दल विचारण्याआधीच मी त्याचे स्वस्त उत्तर देऊन टाकले, आणि समस्येबद्दल चकार शब्द काढला नाही.

एक ऑपरेशन नव्हे, अनेक वर्षांची वाट

आईवडिलांना वाटते की एकदा टाके घातले की झाले. तसे नसते. बाळाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टर वेळा मागेपुढे करतात, पण साधारण क्रम असा असतो:

१. ओठाची शस्त्रक्रिया: तीन ते सहा महिन्यांच्या वयात. बाळाचे वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन पुरेसे असावे लागते.

२. टाळूची शस्त्रक्रिया: साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात, म्हणजे बोलणे पक्के होण्याआधी.

३. वाचा उपचार: बोल फुटू लागले की. उच्चार नाकातून येत असतील तर काही मुलांना चार-सहा वर्षांच्या सुमारास आणखी एक शस्त्रक्रिया लागते.

४. हिरडीतील फटीत हाड बसवणे: ज्यांना गरज आहे त्यांना साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात, सुळा येण्याआधी.

५. नाक आणि जबडा: गरज असल्यास चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सोळा-अठरा वर्षांनंतर.

शिवाय अशा मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकू कमी येते. म्हणून कान वेळोवेळी तपासावे लागतात.

या क्रमात सर्वांत धोक्याची जागा पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये आहे. ओठ शिवला की बाळाचा चेहरा छान दिसू लागतो. आजी दृष्ट काढते, फोटो काढले जातात, दुपटे बाजूला होते. मग घरात कोणीतरी म्हणते, "आता कशाला पुन्हा त्या एवढ्याशा जिवाला कापायचे?" टाळू आत असते, ती कोणाला दिसत नाही. तारीख निघून जाते. चार वर्षांनी मूल शाळेत जाते, तेव्हा त्याचे बोलणे बाईंना कळत नाही आणि मुले हसतात.

मी वर सांगितलेल्या घरातही हेच घडू पाहत होते. आई मात्र अडून बसली. "लोकांना दिसत नाही, पण त्याचं दूध अजून नाकातून येतंय," ती म्हणाली आणि ठरल्या तारखेला निघाली.

बंधुभगिनींनो, मला वाटते सारा धडा इथेच आहे. लोकलाजेपोटी केलेला उपचार लाज संपली की थांबतो. प्रेमापोटी केलेला उपचार बाळाची गरज संपेपर्यंत चालतो. आपण कशासाठी धावतो आहोत, लोकांच्या नजरेसाठी की लेकरासाठी, हे आईवडिलांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावे.

दोन उदाहरणे

डॉ. हिरजी अडेनवाला हे मुंबईचे पारशी सर्जन. १९५९ साली ते केरळमधील त्रिशूरच्या ज्युबिली मिशन या कॅथलिक रुग्णालयात गेले आणि पुढे अनेक वर्षे तिथेच काम करत राहिले. दुभंगलेल्या ओठांची शस्त्रक्रिया ते मुंबईचे डॉ. चार्ल्स पिंटो यांच्याकडून शिकले होते. तिथल्या उपचार केंद्राला त्यांनी आपल्या गुरूचेच नाव दिले. ओठ शिवून रुग्णाला निरोप द्यायचा, असे तिथले काम नाही. वाचा, दात, जबडा असा पुढचा उपचारही केला जातो. २०२० साली डॉ. अडेनवाला वारले.

दुसरे उदाहरण पिंकी सोनकर हिचे. ती उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील गरीब घरची मुलगी. ओठामुळे ती इतर मुलांपासून बाजूला पडली होती. वाराणसीत डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी तिच्यावर मोफत शस्त्रक्रिया केली. 'स्माइल पिंकी' या तिच्यावरील माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले, आणि २०१३ साली विम्बल्डनच्या पुरुष अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हस्ते झाली. असे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण एका गरीब बापाने उपचार आहे हे कळताच मुलीला घेऊन रुग्णालय गाठले, हे कोणालाही करता येण्यासारखे आहे.

आईवडिलांनी काय करावे?

दूध: टाळू उघडी असलेल्या बाळाला ओढून पिता येत नाही. आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बाळाला उभट धरावे, थोडे थोडे पाजावे, मध्ये मध्ये ढेकर काढावी. फक्त ओठ दुभंगलेले पुष्कळ बाळ अंगावर पिऊ शकते. वजन दर आठवड्याला पाहावे, कारण वजनावर ऑपरेशनची तारीख ठरते.

उपास: भूल देण्याआधी पोट रिकामे असावे लागते, नाहीतर पोटातील दूध वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. साधारणपणे आईचे दूध चार तास आणि वरचे दूध वा खाणे सहा तास आधी बंद करतात. डॉक्टर सांगतील तीच वेळ पाळावी. रडते म्हणून आजीने गुपचूप घोटभर दूध पाजले तर ऑपरेशन पुढे जाते. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नये.

ऑपरेशननंतर: हात तोंडात जाऊ नये म्हणून बाळाच्या कोपरांना पट्ट्या बांधतात. ते पाहून जीव तुटतो. पण दया येऊन पट्ट्या सोडू नयेत. हात मोकळे नसतील तेव्हा बाळाला अधिक वेळ मांडीवर घ्यावे.

खरे बोलणे: मूल मोठे झाले की "कुठे नाही, आपण फिरायला चाललोय" असे सांगून रुग्णालयात नेऊ नये. एकदा फसलेले मूल पुढच्या वेळी घराच्या दारातच रडते. "दुखेल, पण थोडे दिवस. झोपेचे औषध देतील. जागा झालास की मी शेजारी असेन," एवढे सांगावे आणि तसेच वागावे. सुई टोचणाऱ्या परिचारिकेची भीती घालू नये.

घरातील इतर मुले: सारे लक्ष एका लेकराकडे गेले की दुसरे मूल मूकपणे रुसते. त्यालाही सगळे सांगावे, छोटेसे काम द्यावे.

वडील: दर वेळी आईच एकटी बाकावर बसलेली असू नये. रजा बुडते, मजुरी बुडते, हे खरे. पण लेकराला भूल द्यायला आत नेतात तेव्हाची ती काही मिनिटे एकट्याने सोसण्यासारखी नसतात.

मदत कुठे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा मुलांना तपासतात. जन्मजात दोष आढळल्यास पुढील उपचारांची सोय लावून देतात. आपल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ असावे. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. सर्व कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावावेत. पंधरा वर्षांच्या प्रवासात ती फाईलच डॉक्टरांना मागचे सारे सांगते.

आणि आपण?

पालीहून रत्नागिरीला एसटीने जायचे, घाट चढून कोल्हापूरला जायचे किंवा रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची, तर घर मागे कोणी सांभाळायचे? गुरांना वैरण कोण घालणार? दुसऱ्या लेकराचा डबा कोण करणार? शेजारधर्म इथे सुरू होतो. "सगळे ठीक होईल" असे म्हणण्यापेक्षा "मंगळवारी तुमची गुरे मी बघतो" असे म्हणावे. बाळाकडे टक लावून पाहू नये आणि नजर चोरूही नये. इतर कोणत्याही बाळाला जसे उचलून घेतो, तसे त्यालाही घ्यावे.

त्या बाळाचा स्नानसंस्कार अखेर रविवारीच झाला, भरल्या मंदिरात, दुपट्याशिवाय. आज तो मुलगा शाळेत जातो. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "फादर, माझं हाडाचं ऑपरेशन अजून बाकी आहे." घाबरलेला दिसला नाही. आपल्या बाजूला कोण बसणार आहे, हे त्याला ठाऊक होते.

त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही सापडलेले नाही. पण परीक्षा असलीच तर ती त्या बाळाची नव्हती आणि फक्त त्याच्या आईवडिलांचीही नव्हती. ती आपल्या सर्वांची होती.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आजारी किंवा व्यंग असलेल्या बाळाच्या आईला आपण कधी नकळत दोष दिला आहे का?

२. मुलाला दवाखान्यात नेताना आपण त्याला खरे सांगतो का?

३. आपल्या वाडीत असे एखादे कुटुंब आहे का? या आठवड्यात त्यांचे कोणते एक काम आपण करू शकतो?