टीव्हीतलं रसायन, खाडीतला गाळ

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमचा टीव्ही, सोफा, सगळं वाशिष्ठी नदीत गेलं. अशा वस्तूंत आग लवकर पसरू नये म्हणून घातक रसायनं मिसळतात, असं वाचलं. इतक्या पावसाळ्यांत ती वाहून समुद्राला मिळाली नसतील का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाण्याबरोबर निघून जाणारा हा माल नाही. ही रसायनं पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ती चरबीत साठतात आणि मातीच्या बारीक कणांना धरून राहतात.

जुन्या टीव्हीचं मागचं प्लास्टिक घ्या. त्यात बऱ्याचदा डेका-बीडीई असे, म्हणजे रेणूत १० ब्रोमीन असलेलं द्रव्य. प्लास्टिक तापलं की ब्रोमीन सुटतो आणि ज्वाळेला फैलावू देत नाही. काम चोख, पण हे द्रव्य प्लास्टिकशी जोडलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. म्हणून ते वर्षानुवर्षं धुळीतून बाहेर पडतं आणि लादी पुसल्याच्या पाण्यातून गटारात, तिथून नदीत जातं. पुरात एका दिवसात झालं, ते एरवीही थोडंथोडं चालूच असतं.

चिपळूणच्या खाली वाशिष्ठीचं गोडं पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळतं. मिठामुळे तरंगणारे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. ओहोटीला पोटरीपर्यंत पाय रुततो तो काळा, लोण्यासारखा चिखल असाच साठलेला असतो. कणांना चिकटून आलेलं रसायनही तिथेच थांबतं. त्याच चिखलात चिंबोरी बीळ करते, आणि शिंपल्या पाणी गाळून त्यातले कण पोटात घेतात.

ही रसायनं नदीतल्या जिवांत उतरतात हे जगाला कळलं ते स्वीडनच्या विस्कान नदीमुळे. कापडगिरण्या असलेल्या त्या नदीच्या माशांत ही द्रव्यं सापडल्याचं १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे स्वीडिश मातांचं साठवून ठेवलेलं दूध तपासलं, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात त्यातलं प्रमाण दर ५ वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं दिसलं. वापर थांबल्यावर ते उतरू लागलं, म्हणजे बंदीचा उपयोग होतो. भारताने २०१८ च्या नियमांत डेका-बीडीईच्या कुळातल्या काही द्रव्यांवर बंदी घातली. डेका मात्र त्या यादीत नव्हतं. नव्या विद्युत उपकरणांत अशा द्रव्यांना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. जुनी उपकरणं अजून घरोघरी आहेतच.

वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीत मासे मेले की सगळ्यांच्या नजरा लोट्याच्या कारखान्यांकडे आणि पाण्याच्या नमुन्यांकडे वळतात. ते नमुने हवेतच. पण ही रसायनं ना रंग दाखवतात, ना वास. त्यांच्यासाठी बाटलीभर पाणी तपासून भागत नाही, गाळच तपासावा लागतो, तोही थराथराने. पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसायचं काम निघालं. असा गाळ शेतात किंवा भरावाला टाकण्याआधी त्याची ही तपासणी व्हावी, असा आग्रह तुम्ही चिपळूणकरांनी धरायला हवा.

आणि माळ्यावर जुना टीव्ही पडला असेल, तर तांब्याच्या तारेसाठी तो कुणाला जाळू देऊ नका. त्या धुरात ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन तयार होतात, आणि ती मूळ रसायनापेक्षाही घातक आहेत. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच तो द्या.