उपक्रम : आर्ट डेको स्पीकरपेटी (कला + विज्ञान)

शिक्षक-पालक मित्रहो, बंद पडलेल्या रेडिओतला स्पीकर टाकू नका. तो नुसता वाजवला तर आवाज पातळ येतो. कारण कागदी कोनाच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींना खोडते. बंद खोक्यात घट्ट बसवला की खर्ज भरतो. मुलांना आधी हा फरक ऐकवा, मग सजावट!

१९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून या शैलीला नाव पडलं. मुंबईतल्या रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) चित्रपटगृहांचे फोटो दाखवा. मग पेटीवर काढा :
१) पायऱ्यांचा माथा
२) गोलसर कोपरे
३) समांतर रेषा
४) जाळीवर सूर्यकिरण

पायऱ्या बाहेरूनच चिकटवा, फटी बुजवा, किरणांच्या पट्ट्या अरुंद ठेवा. रुंद पट्ट्या आवाज अडवतात. गुण देताना पेटी बघूच नका, आधी डोळे मिटून ऐका.