सोयाबीनचे तणनाशक आणि रब्बीची ज्वारी

2015 च्या खरिपात सोयाबीनवर फवारलेल्या तणनाशकाने लातूर जिल्ह्यातल्या आमच्या रानात रब्बी ज्वारी बसली. गावाने बियाण्याला बोल लावला. ज्वारी उगवली होती चांगली, पण वीतभर होऊन थांबली. पाने शिरांच्या मधून पिवळी पडली आणि उपटून पाहिले तर मुळे आखूड, खुंटलेली. बी खराब असते तर सगळीकडे सारखेच दिसले असते. पण उन्हाळ्यात शेणखताचा ढीग होता तिथली आणि विहिरीच्या पाटाकडेची ज्वारी हिरवीगार होती. म्हणजे फरक मातीत होता.

सोयाबीनमध्ये आपण मारतो ते इमॅझेथापायर जमिनीत मुख्यतः जिवाणूंमुळेच कुजून संपते. या जिवाणूंना ओल, हवा, ऊब आणि खायला सेंद्रिय कर्ब लागतो. हे सगळे जुळले तर दोन-तीन महिन्यांत औषध निम्म्यावर येते. त्या वर्षी फवारणीनंतर पावसाने दडी मारली ती मारलीच. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. कोरड्या मातीत जिवाणू निपचित पडतात आणि औषध तसेच राहते. मात्रा बरोबर असली तरी.

सोयाबीनमधल्याच क्लोरीम्युरॉन या दुसऱ्या तणनाशकाचे आणखी वेगळे. आम्लधर्मी मातीत ते जिवाणूंशिवायही पाण्याने फुटते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानाचा सामू बहुधा 8 च्या आसपास, तिथे ही वाट जवळजवळ बंद. सगळा भार जिवाणूंवर, आणि कर्ब तर कित्येक रानांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली. म्हणून मी शेणखताचा एवढा आग्रह धरतो, आणि काढणीनंतरचे काड जाळणाऱ्याला हात जोडतो.

नांदेडकडे पाऊस जास्त, म्हणून तिकडे निर्धास्त राहावे असेही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात झाली तशी अतिवृष्टी होऊन रानात पाणी तुंबले की मातीतली हवा जाते आणि कुजण्याचे काम पुन्हा अडते. चर काढून वापसा लवकर आणणे हाच तिथला उपाय.

शंका असेल तर पेरणीआधी तीनेक आठवडे एक साधी चाचणी करा. फवारलेल्या रानातली वरची वीतभर माती चार-पाच जागांवरून घेऊन एका कुंडीत भरा. न फवारलेल्या जागेची, त्याच जातीची माती दुसऱ्या कुंडीत. दोन्हीत ज्वारी किंवा करडई टोका, सारखेच पाणी द्या. शेवटी रोपे उपटून मुळे धुऊन शेजारी ठेवा. पहिल्या कुंडीतली मुळे खुंटलेली दिसली तर त्या रानात यंदा ज्वारी-करडईचा हट्ट धरू नका. डब्यासोबतच्या पत्रकात पुढच्या पिकाबद्दल काय लिहिले आहे ते वाचा आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारून पीक ठरवा. तिथे जाताना फवारणीची आणि नंतरच्या पावसाची तारीख लिहून न्या.